संस्था नंतर काढा, आधी एक वार सांभाळा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही मध्य न्यू जर्सीत राहता. मुलगी सोळा वर्षांची, अकरावीत. शाळेत तिनं ‘गर्ल्स ऑफ कलर’वर एक प्रकल्प केला आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात बसलंय की अशा मुलींसाठी, म्हणजे कृष्णवर्णीय, लॅटिना, आशियाई, मूलनिवासी अशा गोऱ्या नसलेल्या मुलींसाठी, स्वतःची नॉनप्रॉफिट, म्हणजे नफ्यासाठी न चालणारी संस्था, काढायची. तुमच्या मराठी मंडळातली दोन-तीन कुटुंबं पैसे द्यायला तयार आहेत. नोंदणी कशी करायची, खर्च किती येतो, आणि कॉलेजच्या अर्जात याचा उपयोग होईल का, हेही तुम्ही आडपडदा न ठेवता विचारलंय.

मीही ठेवत नाही. सतरा वर्षं मी न्यू जर्सीतल्याच न्यूअर्क शहरातल्या अशाच एका छोट्या संस्थेत काम करतेय. पहिली चार वर्षं फुकट, नंतर पगारावर. माझं उत्तर: संस्था आत्ता काढू नका. नोंदणी अवघड आहे म्हणून सांगत नाही, ती फारच सोपी आहे, खाली एका परिच्छेदात उरकते. पण आधी एक खोली मिळवा, आठवड्यातला एक वार ठरवा आणि तो दोन वर्षं चुकवू नका. ज्यांना ते जमलं नाही त्यांचे टी-शर्ट आमच्या भागातल्या मुलींकडे ढिगानं आहेत. रात्री झोपताना घालतात.

आमची खोली म्हणजे एका चर्चचं तळघर. घडीच्या खुर्च्या, एक गळका नळ, आणि हीटर असा की सुरू झाला की भिंतीत कुणी हातोडा मारतंय असं वाटतं. वार मंगळवार, साडेतीन ते सहा. पहिल्या हिवाळ्यात मी मोठ्या उत्साहानं बारा सत्रांचा आराखडा करून आणला होता: आत्मविश्वास, नेतृत्व, करिअर वगैरे. पहिल्या मंगळवारी चार मुली आल्या, दुसऱ्या मंगळवारी दोन, मग कुणीच नाही. साडेचारला बाहेर अंधार, समोर सँडविचचा ट्रे आणि मी एकटी.

फेब्रुवारीत एक मुलगी आली. तिनं कोट काढला नाही. हीटरजवळ बसून बीजगणिताचा गृहपाठ केला, दोन सँडविच खाल्ली, एक दप्तरात टाकलं आणि जाताना विचारलं, “मिस, पुढच्या मंगळवारी पण असणार तुम्ही?” (इथल्या मुली शिक्षिका असो की आमच्यासारखी कुणी, सगळ्यांना नुसतं ‘मिस’ म्हणतात.) म्हटलं, असणार. पुढच्या मंगळवारी ती आली, कोट तसाच अंगात. तिसऱ्या की चौथ्या वेळी दोन मावसबहिणींना घेऊन आली आणि त्या दिवशी तिनं कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावला. बऱ्याच दिवसांनी तिच्याचकडून कळलं की आदल्या वर्षी तिच्या शाळेत असाच एक कार्यक्रम सुरू झाला होता. जांभळे टी-शर्ट वाटले होते. पाच महिन्यांनी अनुदान संपलं आणि ती माणसं कुणाला न सांगता दिसेनाशी झाली. ही मला तपासून बघत होती.

दुसरी गोष्ट मला आधीच सुचायला हवी होती, कारण ती आपल्या घरातलीच आहे. थंडी सरली तशी हजेरी वाढायच्या ऐवजी गळायला लागली. मला वाटलं, बाहेर ऊन पडलंय, कोण येईल तळघरात. खरं कारण असं की बऱ्याच जणींच्या आयांची कामाची पाळी बदलली होती आणि धाकट्या भावंडांना शाळेतून आणायचं काम थोरलीवर आलं होतं. थोरली मुलगी म्हणजे अर्धी आई, हे मराठी बाईला कुणी सांगावं लागत नाही. तरी मला ते कळायला सहा आठवडे लागले. मग नियम केला: भावंडं आणली तरी चालतील. एका कोपऱ्यात सतरंजी, खडू, कागद आणि लक्ष ठेवायला एक स्वयंसेवक. मुली परत यायला लागल्या. अनुदानाच्या अहवालात या सतरंजीसाठी रकाना नव्हता. मी तिचा खर्च ‘नेतृत्व विकास’ या सदरात घातला, आणि खोटं लिहिलं असं मला आजही वाटत नाही.

बसचं भाडं, पोटभर खाणं आणि सहा वाजता अंधारात घरी कसं जायचं, या तीन गोष्टींची सोय नसेल तर तुमचा अभ्यासक्रम कितीही चांगला असो, खोली रिकामीच राहते. खाणं म्हणजे पोटभर. चिप्सची पाकिटं धरू नका. आणि त्यात डुकराचं मांस न खाणाऱ्या मुस्लिम मुलींचं काय, हा विचार पहिल्याच दिवशी करायचा, तक्रार आल्यावर नाही.

आता मुलीच का, तेही विशिष्ट मुलीच का, हे तुमच्या पैसे देणाऱ्यांपैकी कुणीतरी विचारणारच. मला मंडळातच एकदा एका काकांनी विचारलं होतं, “पण मुली तर अभ्यासात पुढेच असतात ना?” फेडरल शिक्षण खात्याची २०११-१२ ची आकडेवारी आहे: सरकारी शाळांमधल्या कृष्णवर्णीय मुलींपैकी १२ टक्के त्या वर्षी शाळेतून निलंबित झाल्या होत्या, गोऱ्या मुलींपैकी २ टक्के. सहा पट. आणि निलंबनाची कारणं पाहिलीत तर ‘उद्धटपणा’, ‘ऐकत नाही’, ‘पोशाख नियमात नाही’ अशी, ज्यात समोरच्या मोठ्या माणसाला काय वाटलं यावरच सगळं ठरतं. जॉर्जटाउन विद्यापीठाच्या लॉ स्कूलमधल्या एका केंद्रानं २०१७ मध्ये या ‘काय वाटलं’चाच अभ्यास केला. ३२५ प्रौढांना विचारलं. कृष्णवर्णीय मुलींना जपण्याची, कुशीत घेण्याची, आधार देण्याची गरज त्याच वयाच्या गोऱ्या मुलींपेक्षा कमी असते, असं लोकांना वाटत होतं, आणि ते वाटणं पाच वर्षांच्या वयापासून सुरू होत होतं. पाच वर्षांची! आपल्याकडे त्या वयाच्या पोरीला अजून भरवतात.

२०१४ च्या फेब्रुवारीत ओबामांनी ‘माय ब्रदर्स कीपर’ हा मोठा कार्यक्रम जाहीर केला, कृष्णवर्णीय आणि इतर गोरेतर मुलांसाठी. मुलगे, फक्त मुलगे. जूनमध्ये हजारावर स्त्रियांनी राष्ट्राध्यक्षांना जाहीर पत्र लिहिलं की त्याच घरात, त्याच गल्लीत, त्याच शाळेत मुलीही वाढताहेत. त्यांचं म्हणणं मला लगेच पटलं, कारण ‘मुलाकडे लक्ष द्यायला हवं, मुलगी काय, सांभाळून घेते’ हे वाक्य मी माझ्या माहेरी ऐकत मोठी झाले.

‘ऑफ कलर’ या शब्दावर थोडं थांबते, कारण तुम्ही कंसात विचारलंय की तुमची मुलगी त्यात बसते का. या शब्दाची जन्मकथा लोरेटा रॉस या कृष्णवर्णीय स्त्री-हक्क कार्यकर्त्या सांगतात. १९७७ मध्ये ह्यूस्टनला राष्ट्रीय महिला परिषद भरली होती. वॉशिंग्टनहून गेलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी आपला वेगळा मसुदा नेला होता. तिथं आलेल्या इतर अल्पसंख्याक समाजांतल्या स्त्रिया म्हणाल्या, आम्हालाही यात यायचंय. मग ‘कृष्णवर्णीय स्त्रियांचा मसुदा’ हे जुनं नाव चालेना, आणि चर्चेतून ‘विमेन ऑफ कलर’ हा शब्द पुढे आला. रॉस यांचं सांगणं असं की हा शब्द कातडीचं वर्णन नाही. एकमेकींसोबत काम करू, असा तो करार आहे. त्या अर्थानं तुमची मुलगी त्यात बसते, करार पाळला तर.

कराराचा हा ‘तर’ किती मोठा आहे ते सांगते. काही वर्षांपूर्वी एक मराठी मुलगी आमच्याकडे स्वयंसेवक म्हणून यायची. एका मंगळवारी सगळ्या गोल बसलेल्या असताना ती म्हणाली, माझी आजी म्हणते उन्हात खेळू नकोस, काळी पडशील, मग लग्न कसं जमेल. क्षणभर शांतता. माझ्या पोटात गोळा आला, कारण खोलीतल्या निम्म्या मुली कृष्णवर्णीय. मग त्यातली एक जोरात हसली आणि म्हणाली, माझी आजीपण हेच म्हणते, अगदी हेच. त्या दोघींची त्या दिवसापासून गट्टी जमली. पण त्याच संध्याकाळी एक जण रेल्वे पकडून उपनगरातल्या मेट्रोपार्क स्टेशनला उतरली आणि आईच्या मोटारीतून घरी गेली, आणि दुसरी बर्फात अर्धा तास बसची वाट बघत उभी राहिली. दोघी ‘गर्ल्स ऑफ कलर’. आजीचं वाक्य सारखं, घरी जायची वाट वेगळी. तुमच्या मुलीला या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरता आल्या पाहिजेत. नाहीतर ती न्यूअर्कच्या मुलींना ‘सक्षम’ करायला येईल, आणि त्या मुलींना असं माणूस दारातच ओळखू येतं.

(आणि घरी मंडळाच्या बैठकीत कोण कुणाला ‘काळे लोक’ म्हणून काय बोलतं, ते मुलगी ऐकत असते. एवढंच म्हणते.)

मुलींनी मनातलं सांगायला सुरुवात केली की मोठ्या माणसाची खरी परीक्षा होते. ‘मी टू’ हे शब्द २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये समाजमाध्यमांवर जगभर गेले, पण ते त्याआधी दहा-अकरा वर्षांपासून वापरात होते आणि अशाच एका छोट्या कामातून आले होते. तराना बर्क अलाबामात कृष्णवर्णीय मुलींसोबत काम करायच्या. नव्वदच्या दशकात एका शिबिरात एक तेरा वर्षांची मुलगी त्यांना गाठून घरात होणारा अत्याचार सांगायला लागली. बर्क यांना ते ऐकवेना. त्यांनी तिला मध्येच थांबवून दुसऱ्या समुपदेशिकेकडे पाठवलं, आणि ती मुलगी पुन्हा मुखवटा चढवून निघून गेली. ‘माझ्याही बाबतीत’ एवढे दोन शब्द आपल्या तोंडून का निघाले नाहीत, ही बोच त्यांना वर्षानुवर्षं होती. पुढे त्यांनी मुलींसाठी कार्यशाळा सुरू केल्या तेव्हा मुलींनी सगळ्यांसमोर काही बोलायची गरज ठेवली नाही. मदत हवी असेल तर जाताना चिठ्ठीवर तेवढे दोन शब्द लिहायचे. त्यांना वाटलं होतं त्याहून कितीतरी जास्त चिठ्ठ्यांवर ते शब्द निघाले.

चिठ्ठी मिळाल्यावर पुढे काय, हे ठरलेलं नसेल तर चिठ्ठी मागू नका. न्यू जर्सीत कायदा असा की मुलावर अत्याचार होत असल्याचा वाजवी संशय आला तर कुणाही माणसानं राज्याच्या बालसंरक्षण विभागाला कळवलंच पाहिजे. इथं शिक्षक-डॉक्टर असा भेद नाही. म्हणजे तुम्ही, मी, खाऊ वाटायला आलेले मंडळाचे खजिनदारसुद्धा. त्यामुळे “कुणाला सांगणार नाही” असं वचन मुलींना कधी द्यायचं नाही. आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो: इथलं बोलणं इथंच राहतं, पण तुझ्या जिवाला धोका असेल तर मला कळवावं लागेल, आणि मी कळवेन तेव्हा तुला सांगून कळवेन. तरी मुली बोलतात. फसवलं जाणार नाही एवढी खात्री पटली की पुरते त्यांना.

आमचीही एक चूक सांगते, कारण ती तुमच्याकडून पहिल्या महिन्यात होऊ शकते. एका चांगल्या मनाच्या स्वयंसेविकेनं नाताळच्या जेवणाचा फोटो फेसबुकवर टाकला. हसऱ्या मुली, मागे भिंतीवर चर्चचं नाव. त्यातल्या एका मुलीच्या वडिलांना कोर्टानं तिच्या आसपास फिरकायला बंदी केली होती आणि ती कुठं राहते, कुठं जाते हे त्यांना माहीत नव्हतं. पुढच्या मंगळवारी ते रस्त्याच्या पलीकडे गाडीत बसलेले होते. पोलीस आले, अनर्थ टळला. पण ती मुलगी परत आली नाही. तेव्हापासून आमच्याकडे चेहऱ्यांचे फोटो नाहीत. हातांचे, रंगवलेल्या भिंतीचे, रिकाम्या खुर्च्यांचे फोटो देतो. एका देणगीदारानं “आनंदी चेहरे दिसत नाहीत” म्हणून नाराजी कळवली होती. कळवू दे.

पैशांकडे वळते. मिस फाउंडेशन फॉर विमेन या संस्थेनं २०२० मध्ये हिशेब मांडला होता: २०१७ साली अमेरिकेतल्या फाउंडेशन्सनी वाटलेल्या ६६.९ अब्ज डॉलरपैकी गोरेतर स्त्रिया आणि मुलींसाठीच्या कामाला गेला अर्धा टक्का. माणशी काढलं तर वर्षाला ५.४८ डॉलर. तुमच्या गावात एवढ्यात एक कॉफी आणि फार तर एक डोनट येतो. आणि जे मिळतं त्यातलं बरंचसं ‘कार्यक्रमासाठी’ बांधलेलं: टॅब्लेट घ्या, कार्यशाळा घ्या, पण भाडं, विमा, पगार यांना हात लावू नका. आमच्याकडे एका वर्षी चौदा नवेकोरे टॅब्लेट होते आणि हीटर दुरुस्तीला पैसे नव्हते. मुली हातमोजे घालून टॅब्लेट वापरायचा प्रयत्न करायच्या. हातमोज्यानं पडदा चालत नाही, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

या बाबतीत मी मंडळात नेहमी पंडिता रमाबाईंचं उदाहरण देते. लोकांना वाटतं मी अभिमानानं देतेय; मी हिशेबासाठी देते. रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला आल्या आणि दोन-अडीच वर्षं या देशभर व्याख्यानं देत फिरल्या. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, गावोगाव ‘रमाबाई सर्कल’ निघाली आणि त्या लोकांनी विधवांसाठी काढायच्या शाळेचा खर्च दहा वर्षं उचलण्याचं वचन दिलं. दहा वर्षं! १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत ती शाळा, शारदा सदन, सुरू झाली. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, ज्यांचा पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला. हिंगण्याचं सगळं काम त्यानंतरचं. पैसा परक्यांचा होता, त्याला अटी होत्या, शाळेत कुठल्याही धर्माचा प्रचार करायचा नाही ही त्यातली मोठी, आणि त्यावरूनच पुढे, शाळा पुण्याला हलल्यावर, रान पेटलं, पालकांनी मुली काढून घेतल्या. म्हणजे तेव्हाही देणगीदार, पालक आणि संस्थाचालक यांची ओढाताण आजच्यासारखीच. पण दहा वर्षांचा शब्द होता म्हणून दार बंद झालं नाही. आज मला एखादं फाउंडेशन तीन वर्षांचा शब्द देतं तेव्हा मी घरी शिरा करते.

तेव्हा तुमच्या मंडळींना सांगा: वर्षाला जे काही देणार असाल ते निम्मं करा, पण तीन वर्षं द्या, आणि कशावर खर्च करायचा ते सांगू नका. एका मोठ्या रकमेच्या चेकबरोबर फोटो काढण्यापेक्षा हे आमच्या फार कामाचं. शक्य असेल तर त्यातले काही पैसे थेट मुलींना मानधन म्हणून जाऊ द्या. न्यूयॉर्क शहर उन्हाळ्यात चौदा वर्षांपासूनच्या मुलांना पगारी काम देतं, ते उगाच नाही. पंधरा वर्षांच्या ज्या मुलीला घरखर्चाला हातभार लावायचाय तिला दुकानातली नोकरी आणि तुमचं ‘नेतृत्व शिबिर’ यातून एक निवडावं लागतं, आणि ती काय निवडणार हे उघड आहे.

नोंदणी, म्हटल्याप्रमाणे, एका परिच्छेदात. न्यू जर्सीत किमान तीन विश्वस्त लागतात आणि ते किमान अठरा वर्षांचे हवेत, म्हणजे मुलीला विश्वस्त होता येणार नाही; हे तिला आधीच सांगा. राज्याकडे निगमपत्र, म्हणजे संस्था स्थापन केल्याचा कागद, भरायचं, फी ७५ डॉलर. आयआरएसकडून, म्हणजे फेडरल करखात्याकडून, ईआयएन हा संस्थेचा कर-क्रमांक फुकट. मग करमाफीसाठी ५०१(सी)(३) चा अर्ज: वार्षिक जमा ५०,००० डॉलरच्या आत राहणार असेल आणि मालमत्ता अडीच लाखांच्या आत असेल तर छोटा १०२३-ईझेड फॉर्म, फी २७५ डॉलर. दरवर्षी ९९०-एन नावाचं ई-पोस्टकार्ड भरायचं. सलग तीन वर्षं विसरलात तर करमाफी आपोआप रद्द. देणग्या मागायच्या असतील तर राज्याची धर्मादाय नोंदणी वेगळी. याशिवाय विमा, आणि मुलींसोबत काम करणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाचा बॅकग्राउंड चेक (आधीचा काही गुन्हा आहे का याची तपासणी), ओळखीचा असला तरी. ओळखीचा असला तर आधी. हे सगळं टाळायचं असेल तर एखाद्या जुन्या संस्थेच्या छत्राखाली काम करता येतं, त्याला फिस्कल स्पॉन्सर म्हणतात. ते साधारण ५ ते १० टक्के कापून घेतात आणि हिशेबाची डोकेदुखी त्यांची. पहिल्या दोन-तीन वर्षांसाठी मी हेच सुचवीन.

दोन धोके मात्र नोंदणीच्या माहितीपत्रकात सापडणार नाहीत. एक म्हणजे, संस्था ‘तिची’ राहणार नाही. नॉनप्रॉफिटला मालक नसतो, संचालक मंडळ, म्हणजे वर सांगितलेले विश्वस्त, असतं. किंबर्ली ब्रायंट यांनी २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘ब्लॅक गर्ल्स कोड’ सुरू केली, कृष्णवर्णीय मुलींना प्रोग्रॅमिंग शिकवणारी, देशभर नावाजलेली संस्था. २०२१ च्या अखेरीस संचालक मंडळानं त्यांना निलंबित केलं आणि २०२२ मध्ये काढून टाकलं. कोण चूक, कोण बरोबर यात मी पडत नाही. संस्थापिकेलाही असं घराबाहेर काढता येतं, एवढंच लक्षात ठेवा.

दुसरा धोका अलीकडचा आहे. अटलांटाच्या ‘फिअरलेस फंड’चा कृष्णवर्णीय उद्योजिकांसाठी २०,००० डॉलरच्या अनुदानाचा कार्यक्रम होता. ऑगस्ट २०२३ मध्ये, हा वंशावरून भेदभाव आहे म्हणून, त्यावर खटला भरला गेला. भरणाऱ्यांनी आधार कुठला घेतला, तर गुलामगिरी संपल्यावर मुक्त झालेल्यांच्या हक्कांसाठी केलेल्या १८६६ च्या कायद्याचा! जून २०२४ मध्ये अपील न्यायालयानं अनुदानाला स्थगिती दिली आणि सप्टेंबरमध्ये फंडानं तडजोड करून तो कार्यक्रमच बंद केला. तेव्हापासून आमच्यासारख्या संस्थांचे वकील प्रत्येक पत्रक वाचून बघतात. आम्ही ‘फक्त अमुक वंशाच्या मुलींसाठी’ असं कुठंही लिहीत नाही, दारात कुणाची जात-जमात विचारत नाही. विभाग ठरलेला, शाळा ठरलेल्या, दार सगळ्यांना उघडं. येणाऱ्या मुली ज्या यायच्या त्याच येतात. तुमच्या मुलीनं ठरवलेलं नाव मात्र, गोड असलं तरी, वकिलाला दाखवल्याशिवाय छापू नका.

कॉलेजचं राहिलं. अर्ज वाचणाऱ्यांपुढे दरवर्षी सोळा-सतरा वर्षांच्या ‘फाउंडर’ आणि ‘सीईओ’ मुलामुलींची रांग असते, आणि त्यातल्या बऱ्याच संस्था प्रवेश मिळाल्यावर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत झोपी जातात. जांभळे टी-शर्ट कुठून येतात, तर बहुतेक असेच. त्यापेक्षा ‘दीड वर्ष दर मंगळवारी सतरंजीवर सहा वर्षांच्या पोरांना खडू वाटले’ हे मी कितीतरी आवडीनं वाचीन. पण मी काही प्रवेश देणारी नाही, तेव्हा यावर माझ्या शब्दावर जाऊ नका.

आत्ता काय करायचं, तर आधीपासून चालू असलेल्या कामात शिरा. आपल्या मुलींना ओळखीचं वाटेल असं काम इथं फार जुनं आहे: न्यू जर्सीतली ‘मानवी’ १९८५ पासून दक्षिण आशियाई स्त्रियांवरच्या हिंसेविरुद्ध काम करतेय, न्यूयॉर्कमधली ‘सखी’ १९८९ पासून, आणि क्वीन्समधली ‘साया’ १९९६ पासून दक्षिण आशियाई मुलामुलींसोबत. ब्रुकलिनमध्ये ‘गर्ल्स फॉर जेंडर इक्विटी’ आहे. तिथं धोरण ठरवण्यापासून शहराच्या परिषदेत बोलण्यापर्यंत मुलीच पुढे असतात. तुमच्या मुलीनं त्यांतल्या किंवा जवळच्या एखाद्या ठिकाणी वर्षभर जावं, पहिले तीन महिने खुर्च्या मांडाव्यात आणि फारसं बोलू नये. नंतर काही कमी आहे असं तिला दिसलं, आणि तिथल्या मुलींनाही ते दिसत असेल, तर त्या मुलींबरोबर बसून ठरवावं. तेव्हा मला पुन्हा लिहा; फॉर्म भरायला मी स्वतः बसेन.

आमच्याकडे पाठवायची असेल तर स्वागत आहे. पालकांच्या संमतीचा कागद लागेल, आणि तुम्ही सोबत येणार असाल तर तुमचा बॅकग्राउंड चेक. त्याला दोन-तीन आठवडे धरा. सप्टेंबरात सुरू करतो. पुढच्या दारानं येऊ नका, तिथं कुणी नसतं; बाजूच्या गल्लीतून खाली उतरणारा जिना आहे. बेल बिघडलीय, दार वाजवा. आणि येताना खायला काही आणणार असाल तर पिझ्झा सोडून काहीही आणा. मागच्या वर्षी कुणीतरी साबुदाणा वडे आणले होते, त्यांची अजून चौकशी होते.